मोठ्या बाईंच्या छत्तीस वर्षांचा हिशेब

महाराष्ट्रात ३१ मे हा निवृत्तीचा दिवस असतो. इतर महिन्यांच्या अखेरीलाही माणसे निवृत्त होतात, पण मे महिन्याची अखेर म्हणजे कार्यालयांतून, आगारांतून आणि सगळ्यात जास्त शाळांतून माणसे रांगेने बाहेर पडतात. त्याचे कारण पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या शाळेच्या रजिस्टरात आहे. खेड्यातले आईबाप पोराला शाळेत घालायला आणायचे तेव्हा जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची. ‘कोयनेचा भूकंप झाला त्या सालची आहे’ एवढे आई सांगायची. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगायचे, हात पोहोचला की पोर शाळेजोगे झाले असे ठरवायचे, आणि जन्मतारखेच्या रकान्यात १ जून लिहायचे. जूनमध्ये शाळा उघडायची, तेव्हा वय नियमात बसावे म्हणून. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे.

त्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरली जाते, शाल आणि श्रीफळ दिले जाते, केंद्रप्रमुख बोलतात, सरपंच बोलतात, एखादी माजी विद्यार्थिनी बोलता बोलता रडते. ‘ज्ञानदानाचे पवित्र कार्य’ हे शब्द प्रत्येक भाषणात येतात आणि ते खोटे नसतात. पण त्यांतून त्या कामाचा आकार कळत नाही. मला वाटते, मुख्याध्यापकाचा खरा मान राखायचा असेल तर कागद-पेन्सिल घेऊन गुणाकाराला बसले पाहिजे. हे काम रोज थोडे थोडे, तेच ते, छत्तीस वर्षे होत राहिलेले असते. रोज पाहणाऱ्यालाही ते दिसत नाही. बेरीज केली की मात्र छाती दडपते.

हिशेबासाठी एक बाई धरू. महाराष्ट्रात अशा हजारो आहेत, त्यामुळे नावाची गरज नाही. कागदोपत्री जन्म १ जून १९६७. बारावीनंतर डी.एड. १९८९ च्या जुलैत जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू, वय २२. वीस वर्षे वर्गशिक्षिका. २००९ पासून पहिली ते सातवीच्या शाळेवर मुख्याध्यापिका, म्हणजे पोरांच्या तोंडी ‘मोठ्या बाई’. ३१ मे २०२५ ला ५८ वर्षे पूर्ण. शैक्षणिक वर्षे भरतात ३६. वर्षाला शाळेचे दिवस २२० धरू. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत किमान २०० आणि सहावी ते आठवीला किमान २२० दिवस सांगितले आहेत. ३६ वर्षांतून करोनाची दोन वर्षे वजा करू, त्यांच्याविषयी पुढे वेगळे सांगतो. उरतात ३४ वर्षे, म्हणजे ७,४८० दिवस.

आधी सगळ्यात लहान गोष्ट घेऊ. राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात. रोज परिपाठाला एकदा म्हटले तर ७,४८० दिवसांत १०८ तास होतात. बाई साडेचार दिवस आणि साडेचार रात्री अखंड, ताठ उभ्या राहून राष्ट्रगीत म्हणत होत्या. शाळा बारा किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन २४ किलोमीटर. आधी एसटी आणि फाट्यापासून पायी, पुढे स्कूटर. एकूण १,७९,५२० किलोमीटर. विषुववृत्तावरून पृथ्वीला प्रदक्षिणा घातल्या तर जवळपास साडेचार होतील. एवढ्या प्रवासात बाई एका तालुक्याच्या बाहेर गेल्या नाहीत.

आता वर्गात जाऊ. पट ४० चा. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे, पण तो कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. बाईंची वर्गावरची वीस वर्षे त्याच्या आधीची. त्या काळी चाळिसाचा वर्ग लहानच म्हणत. हजेरी दिवसातून दोनदा, सकाळी आणि मधल्या सुट्टीनंतर. चाळीस नावे दोनदा म्हणजे ८० हाका. २२० दिवस, २० वर्षे: ३,५२,००० हाका. एका नावाला दोन सेकंद धरले तर १९५ तास, म्हणजे पाच तासांचा शाळेचा दिवस धरून ३९ दिवस बाई फक्त मुलांची नावे उच्चारत होत्या. कितीतरी पोरांच्या आयुष्यात ‘बाळ्या’, ‘छबे’, ‘ए पोरी’ यांच्यापलीकडे जाऊन त्यांचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, रोज आणि आदराने घेणारी ही एकच व्यक्ती होती. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो.

मग अक्षरे. छत्तीस व्यंजने आणि बारा स्वरचिन्हे धरली तर बाराखडीत ४३२ रूपे होतात. पहिली-दुसरीच्या मुलाला ही सगळी ओळखता आली पाहिजेत आणि लिहिताही. बाईंनी एक तुकडी दोन-दोन वर्षे सांभाळली असे धरले, तर वीस वर्षांत दहा तुकड्या, ४०० मुले. प्रत्येक मुलाचे प्रत्येक रूप एकदाच नीट करून घेतले तरी १,७२,८०० वेळा. पण एकदा सांगून कुठले मूल शिकते? ‘भ’ आणि ‘म’ यांतली गाठ, ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यावरची रेघ, पहिली वेलांटी कुठल्या बाजूला. ज्या बाई पोराच्या मुठीवर आपली मूठ ठेवून पाटीवर ‘श्री’ काढून घेतात त्यांना विचारा, प्रत्येक अक्षराला किती फेऱ्या लागतात. दहा म्हटले तर सतरा लाखांच्या पुढे जाते.

वह्यांचा हिशेब याहून मोठा आहे. मुलामागे रोज फक्त तीन पाने धरू: एक मराठीचे, एक गणिताचे, एक गृहपाठाचे. चाळीस मुलांची १२० पाने. वीस वर्षांत ५,२८,००० पाने. एका पानाला अर्धा मिनिट दिले तर ४,४०० तास. हे तास शाळेच्या वेळेत मावत नाहीत. ते रात्री घरी, भाकऱ्या झाल्यावर, दिवे असतील तेव्हा दिव्याखाली आणि नसतील तेव्हा कंदिलाखाली भरले जातात. पाच तासांच्या शाळेच्या दिवसात मोजले तर ८८० दिवस, म्हणजे बरोबर चार शैक्षणिक वर्षे. पगारपत्रकावर नसलेली ही चार वर्षे नुसत्या लाल पेनाची आहेत.

बाई रुजू झाल्या तेव्हाचा महाराष्ट्र आठवा. १९९१ च्या जनगणनेत राज्यातल्या स्त्रियांची साक्षरता सुमारे ५२ टक्के होती. म्हणजे सात वर्षांच्या वरच्या दोन बायकांमागे जवळजवळ एक निरक्षर. २००१ मध्ये हे प्रमाण ६७ टक्क्यांवर गेले, २०११ मध्ये ७५ च्या पुढे. त्याच वीस वर्षांत राज्याची लोकसंख्या ७ कोटी ८९ लाखांवरून ११ कोटी २४ लाखांवर गेली, म्हणजे शिकवायची माणसे वाढत असताना टक्का वाढवत न्यायचा होता. योजना पुष्कळ झाल्या. १९९२ पासून दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला, वर्षाचा जास्तीत जास्त २२० रुपये. त्या एका रुपयासाठी मुलींच्या हजेरीचा वेगळा तक्ता, आईची सही किंवा अंगठा, वाटपाची पावती. लहान भावाला सांभाळायला घरी ठेवलेल्या मुलीला त्या रुपयापेक्षा बाईंच्या घरापर्यंतच्या चकरांनी शाळेत आणले. मात्र कागद त्या रुपयाचा ठेवावा लागला, चकरांची नोंद कुठे झाली नाही.

२००९ ला बाई मुख्याध्यापिका झाल्या आणि त्यांच्या आयुष्यात तांदूळ आला.

शालेय पोषण आहाराविषयी लोकांना ‘खिचडी’ एवढाच शब्द माहीत असतो. देशपातळीवर ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्यायचा आदेश दिला आणि शाळेत चूल आली. प्रमाण ठरलेले आहे: पाचवीपर्यंतच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. उष्मांकही ठरलेले, ४५० आणि ७००. बाईंच्या शाळेचा पट २१० धरू, रोज हजर १८०, त्यांत पन्नास मुले मोठ्या वर्गांतली. रोजचा तांदूळ साडेवीस किलो. वर्षाला ४,५१० किलो. करोनाची दोन वर्षे सोडून चौदा वर्षांत ६३,१४० किलो. पन्नास किलोची १,२६२ पोती बाईंच्या सहीने उतरली, कोठीत लागली, मोजली गेली आणि शिजली. ताटे झाली ५,५४,४००. हा सगळा तांदूळ ग्रॅममध्ये लिहावा लागतो: आरंभीची शिल्लक, आज आलेला, आज शिजलेला, अखेरची शिल्लक, आणि आजची हजेरी. पाचपैकी एक आकडा चुकला की खुलासा मागणारे पत्र येते.

आणि चव. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने जेवण चाखायचे असते. २०१३ च्या जुलैत बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेतले जेवण खाऊन २३ मुले दगावली, तेव्हापासून देशभरातल्या मुख्याध्यापकांसाठी हा घास नुसता नियम उरला नाही. बाईंनी चौदा वर्षांत ३,०८० वेळा पहिला घास स्वतः घेतला. काही बिघडले असेल तर ते आधी आपल्याला कळावे म्हणून रोज दुपारी एक प्रौढ माणूस जाणूनबुजून पुढे होतो. पोलीस आणि जवान यांच्याबद्दल आपण अशा गोष्टी अभिमानाने सांगतो. शाळेच्या स्वयंपाकघरातली ही गोष्ट मी कुठल्याही निरोप समारंभात ऐकलेली नाही.

एका शाळेचा तांदूळ मोजल्यावर देशाचा मोजायचा मोह आवरत नाही. २०२१ मध्ये या योजनेला पीएम पोषण असे नाव मिळाले, तेव्हा केंद्र सरकारने सांगितलेला आवाका होता ११ लाख २० हजार शाळा आणि ११ कोटी ८० लाख मुले. ती सगळी एका दुपारी जेवायला बसली आणि प्रत्येकाला लहान मुलाएवढाच, १०० ग्रॅम तांदूळ लागला, तरी ११,८०० टन होतात. दहा टनांचे १,१८० ट्रक, एका जेवणाला. या पंगतीचा मुनीम, कोठावळा आणि पहिला घास घेणारा माणूस जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच असतो, आणि त्याला त्याच दिवशी सातवीचा गणिताचा तासही घ्यायचा असतो.

करोनात शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या मुलांसाठी त्या १ डिसेंबर २०२१ ला उघडल्या. वीस महिने. सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातले वीस महिने म्हणजे त्याच्या सबंध वयाचा चौथा हिस्सा. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे सरकारने म्हटले. ते शब्द जिथे खरे झाले, तिथे कुणीतरी मोबाइल नसलेल्या घरांची यादी केली, पारावर आणि देवळाच्या ओट्यावर चार-चार मुले अंतर ठेवून बसवली, कोरडा तांदूळ आणि डाळ मोजून पालकांच्या पिशवीत घातली. या दोन वर्षांचा मी गुणाकार करत नाही. ज्या मुलांनी दुसरीत पाऊल टाकले तेव्हा शाळेची इमारत आतून पाहिलेलीच नव्हती, त्यांना बाईंनी पुन्हा ‘अ’पासून सुरुवात करून दिली, एवढे नोंदवून पुढे जातो.

शाळेबाहेरचे कामही मोजावे लागेल. बाईंच्या नोकरीत लोकसभेच्या दहा निवडणुका झाल्या: १९८९, १९९१, १९९६, १९९८, १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९, २०२४. विधानसभेच्या आठ. जिल्हा परिषदेच्या सहा. ग्रामपंचायती वेगळ्या. १९९९ ला लोकसभा आणि विधानसभा एकत्र झाल्या, म्हणून मतदानाचे दिवस तेवीस. प्रत्येक वेळी आदेश आला आणि केंद्रावर सातशे माणसांनी मत दिले असे धरले, तर बाईंच्या टेबलासमोरून १६,१०० मतदार गेले. तीन जनगणना: १९९१, २००१, २०११. १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकाला जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक याखेरीज दुसरे अशैक्षणिक काम देऊ नये असे सांगितले आहे. गावात मात्र जे काम कुणाचेच नसते ते शाळेत येते. लोकशाही, लसीकरण, शिरगणती या सगळ्यांना शेवटी वाचता-लिहिता येणारा आणि गावाचा विश्वास असलेला माणूस लागतो, आणि तो खेड्यात शाळेतच सापडतो.

मुख्याध्यापकाच्या कपाटातली सगळ्यात मौल्यवान वस्तू म्हणजे जनरल रजिस्टर. शाळा सुरू झाली त्या दिवसापासूनचे प्रत्येक मूल त्यात क्रमांकाने आहे: नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, कधी आले, कधी गेले, का गेले. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो पुरावा पुष्कळ घरांत एकच असतो, आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेतला दाखला. नातवाचे इंजिनिअरिंगचे किंवा नर्सिंगचे प्रवेशपत्र सत्तर वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर अडून बसते. पिवळ्या पडलेल्या, कोपरे झिजलेल्या पानावर बोट फिरवत ती ओळ शोधून देणे, तिला वाळवी आणि पावसाळी ओल लागू न देणे, हे कुणी मुख्याध्यापकाच्या कर्तृत्वात धरत नाही. त्या एका ओळीने घराण्याचे घराणे वर येते. बाईंनी स्वतः सही केलेले शाळा सोडल्याचे दाखले, वर्षाला तीस धरून, सोळा वर्षांत ४८० भरतात. दुय्यम प्रती वेगळ्या.

आणि मुले? वर्गावरच्या वीस वर्षांत ४००. मुख्याध्यापिका झाल्या त्या दिवशी शाळेत होती ती २१०, मग दरवर्षी पहिलीत आलेली तीस-तीस, पंधरा वर्षांत ४५०. एकूण १,०६०. सगळ्या हिशेबात हा आकडा लहानच आहे. पोती त्याहून जास्त आहेत. पण बाकीचे सगळे लाख याच हजारावर खर्च झाले. साडेतीन लाख हाका, सव्वापाच लाख पाने, साडेपाच लाख ताटे, सगळी मिळून एका लहान गावाएवढ्या लोकवस्तीसाठी. १९८९ ला पहिलीत बसलेले सहा वर्षांचे पोर बाई निवृत्त झाल्या तेव्हा ४२ वर्षांचे होते. बदल्या होत होत बाई जिथे पुन्हा आल्या अशा शाळेत, रजिस्टरात नव्या मुलाच्या वडिलांचे नाव लिहिताना ते नाव त्यांनी आधीही हजेरीत पुकारलेले असते.

हे सगळे एका बाईचे. २०२४-२५ मध्ये भारतातल्या शिक्षकांची संख्या पहिल्यांदा एक कोटीच्या वर गेली आणि त्यांत निम्म्याहून जास्त स्त्रिया आहेत. शाळा १४ लाख ७१ हजार, मुले सुमारे २४ कोटी ६९ लाख. सरासरी नोकरी छत्तीस वर्षांची धरली तर ढोबळमानाने दरवर्षी दोन लाख ८० हजार शिक्षक निवृत्त होतात, रोज साडेसातशेहून जास्त. रोज संध्याकाळी साडेसातशे माणसे एवढा अनुभव घेऊन घरी जातात. त्याच वर्षी देशात एकच शिक्षक असलेल्या शाळा १ लाख ४ हजारांवर होत्या आणि त्यांत ३३ लाखांहून जास्त मुले शिकत होती. तिथला एकुलता एक शिक्षक मुख्याध्यापकही असतो, कोठावळाही, लिपिकही. महाराष्ट्रात शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने प्राथमिक शाळेला मुख्याध्यापकाचे पद मिळते ते पट दीडशेच्या वर गेल्यावर. त्याखालच्या शाळांत एखादे गुरुजी किंवा बाई ‘प्रभारी’ म्हणून तोच सगळा भार वाहतात. वर सांगितलेल्या आकड्यांतली पोती थोडी कमी होतात, रजिस्टरे एकही कमी होत नाही.

म्हणून यंदा तुमच्या गावात असा निरोप समारंभ असेल तर जरूर जा, शाल द्या. पण बाई ३१ मे ला उठून गेल्या की जूनच्या मध्यावर शाळा उघडते, आणि त्या खुर्चीवर कुणी असेलच असे नसते. एक पद वर्षभर रिकामे राहिले की चाळीस मुलांच्या वर्गात १७,६०० हाका दिल्या जात नाहीत, २६,४०० पाने तपासली जात नाहीत. तुमचे मूल त्या शाळेत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत आणि निम्म्या स्त्रियांच्या, हे लक्षात ठेवा. जूनच्या पहिल्या बैठकीत रिकाम्या पदाचा ठराव मांडा, तो लेखी करा, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या आणि त्याची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.